सातवा रकाना

तिने पंधराव्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, वरची धूळ फडक्याने पुसली आणि पहिला फॉर्म गुडघ्यावरच्या यादीशेजारी धरला. फॉर्म मृत्यूच्या नोंदीचा होता आणि यादी सहा वर्षांपूर्वी घरोघर जाऊन केलेल्या मोजणीची. बारा नंबरचा वॉर्ड, घर एकशे सत्तावीस, पुरुष. मोजणीवाल्यांनी दारात उभं राहून विचारलं तेव्हा त्याने आपला गट चार सांगितला होता. पुढे दोन वर्षांनी तो गेला, आणि त्याच्या फॉर्मच्या सातव्या रकान्यात लिहिलं होतं, एक. तिने यादीत त्याच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारली आणि दुसरा फॉर्म उचलला.

तळघरातल्या दप्तरखान्यात बसून तिचा हा दुसरा दिवस होता. छताला लागून एक आडवी खिडकी होती, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते पाय दिसायचे. दप्तर सांभाळणाऱ्याने पहिल्या दिवशी तिला स्टूल आणून दिलं, पाणी विचारलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की मॅडम, मेलेल्यांच्या इतकं मागे त्यांच्या घरचेसुद्धा लागत नाहीत. त्याचं खोटं नव्हतं.

शहराचं आरोग्य-सांख्यिकी कार्यालय दर पाच वर्षांनी एक अहवाल काढायचं. कोणत्या वॉर्डात कोणत्या गटाचे लोक किती मरतात, एवढंच त्यात असायचं, पण त्यावरून दवाखाने, डॉक्टर आणि रुग्णवाहिका कुठे ठेवायच्या ते ठरायचं. गट पाच होते. एक नंबरचे सगळ्यात जास्त, आणि शहरात जे काही बरं होतं ते बहुतेक त्यांच्याच हातात. चार नंबरवाल्यांचे पणजोबा कालवा खोदायला आणले होते. कालवा खोदून झाला, माणसं मात्र राहिली. पुढच्या पिढ्यांनी शहराची भाषा उचलली, शहरातली नावं आणि आडनावंही उचलली, त्यामुळे नुसत्या नावावरून कोण कुठला ते आता सांगता येत नव्हतं. प्रत्येक गटाला खरं तर स्वतःचं नाव होतं. पण लोक नंबरच वापरायचे. नंबर बोलायला स्वच्छ वाटतो, आणि तिरस्कार त्यातही मावतो.

या खेपेला ती अहवालाची प्रमुख होती. हिशेब पोरानेही करावा असा होता: वर मेलेले, खाली असलेले. खालचा आकडा मोजणीतून घ्यायचा, वरचा मृत्यूच्या फॉर्मवरून. तो मांडला तेव्हा साऱ्या शहरात सगळ्यात कमी मरत होते ते बाराव्या वॉर्डातले चार नंबरवाले. उपसंचालक खूश झाले. काटक लोक आहेत, म्हणाले, अंगमेहनतीचं फळ आहे. आणि लगेच पुढचं म्हणाले की मग बाराव्या वॉर्डातला चोवीस तासांचा दवाखाना टेकडीखालच्या नव्या वसाहतीत हलवायला हरकत नाही, महिनाअखेरच्या बैठकीत ठेवू. अहवालावर पहिली सही तिची हवी, यावर त्यांचा फार भर होता. ती स्वतः चार नंबरची होती आणि ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचीच सही असली की कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नव्हती.

त्या दवाखान्याच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत ती लहानाची मोठी झाली होती. तिथे साठीच्या पुढचे पुरुष बोटांवर मोजण्याइतके उरले होते, हे सांगायला तिला तक्ता नको होता. म्हणूनच ती तळघरात उतरली होती.

दुपारपर्यंत सगळे गठ्ठे संपले. मोजणीत स्वतःला चार म्हणवणारी दीडशे माणसं पाच वर्षांत गेली होती. त्यांतल्या एकशे एकतीस जणांच्या सातव्या रकान्यात एक होता. मरणानंतरही चारचे चार राहिले ते फक्त एकोणीस. चूक म्हणावी तर चूक दोन्हीकडे होते, कधी चारचा एक तर कधी एकचा चार. इथे ती एकाच दिशेने झाली होती, आणि एकाच अक्षरात.

अक्षर तिच्या वडलांचं होतं. बाराव्या वॉर्डाच्या नोंदणी खिडकीवर ते एकतीस वर्षं एकटेच कारकून होते, आठच महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. पहिला गठ्ठा सोडताना तिला ते माहीत होतंच. पण चूक इस्पितळातून आली असेल, बाबांनी नुसती उतरवून घेतली असेल, असं ती पहिला अख्खा दिवस स्वतःला सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या गठ्ठ्यात तिला आईचा फॉर्म सापडला. स्त्री, वय अठ्ठावन्न. माहिती देणारा, पती. नोंद घेणारा, तोच. सातव्या रकान्यात एक.

तिने गठ्ठा परत बांधला. गाठ चुकली म्हणून सोडून पुन्हा बांधली.

वर जाऊन तिने नव्याने हिशेब केला. बाराव्या वॉर्डातले चार नंबरवाले एक नंबरवाल्यांच्या पावणेदोनपट मरत होते.

ती घरी आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर चादर घालून शर्टांना इस्त्री करत होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आठ शर्ट होते आणि जायला कुठलीही जागा नव्हती, तरी दर तीन दिवसांनी ते आठही शर्ट कडक करून टांगायचे. वॉर्डात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण कुणाचा कसलाही अर्ज असो, लिहून द्यायचे तेच.

तिने पर्स खुर्चीला अडकवली आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"बाबा, सातव्या रकान्यात काय लिहायचात तुम्ही?"

त्यांनी कॉलर उलटी केली, तिच्यावरून इस्त्री फिरवली, मग सरळ केली.

"ज्याचं त्याला बरं पडेल ते."

एवढं बोलून ते थांबतील असं तिला वाटलं होतं. पण ते बोलत राहिले, शर्टाकडे बघत. तीस वर्षांपूर्वी असाच एक अहवाल निघाला होता, तेव्हा ती पाच वर्षांची होती. चार नंबरवाले दीडपटीने मरतात असं त्यात आलं आणि वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर छापलं. का मरतात ते आतल्या पानावर होतं, तिथवर कोणी गेलं नाही. आठवड्याभरात दुधाच्या पिशव्या भरायच्या कारखान्याने एकोणीस बायका घरी बसवल्या. तुमच्यात काहीतरी आहे, अन्नाला हात नको, असं मुकादम तोंडावर म्हणाला. त्या एकोणिसात तिची आई होती. शाळेत पोरांचे बाक वेगळे झाले, घरमालकांनी भाडेकरू काढले. रोगट हा शब्द भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. तेव्हा मास्तरांनी खिडकीवर बसल्या बसल्या ठरवलं की यांच्या हातात पुन्हा आकडा द्यायचा नाही. सुरुवातीला ते कुणाला न विचारता लिहायचे. मग लोकांना कळलं, आणि लोक आपणहून येऊन सांगायला लागले की मास्तर, एक लिहा. कुणाला संशय येऊ नये म्हणून अधूनमधून, मागे कोणी नसलेल्या एखाद्याचा चार तसाच ठेवायचा, एवढी काळजी ते घ्यायचे. पुढच्या अहवालात आकडा खाली आला, त्याच्या पुढच्यात आणखी. वर्तमानपत्रं दुसरीकडे वळली. रोगट हा शब्द हळूहळू मागे पडला, आणि लोकांना खोल्या मिळायला लागल्या.

"आईलासुद्धा एक लिहिलंत?"

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तिला तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच सुचलं असतं तर तिची नोकरी गेली नसती."

दवाखान्याचं तिने मग सांगितलं. त्यांना ते पटेना. दवाखाना कशाला जाईल, तिथली सकाळची रांग बघितलीस का, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

"रांग कोण बघतंय बाबा? तक्ता बघतात."

तो दवाखाना वॉर्डात आला होता त्या पहिल्या अहवालानंतर तीन वर्षांनी, आणि त्या अहवालामुळेच. आकड्याने बायकांची नोकरी घालवली होती आणि आकड्यानेच डॉक्टर आणला होता. मास्तरांनी आयुष्यभर यातली पहिली बाजूच धरून ठेवली. तिला राग आला. कुणाचा यावा ते ठरेना, म्हणून तो समोर होते त्यांचा आला, आणि मनात आलं ते ती बोलून गेली. मेलेल्यांना लपवून जिवंतांना कोणी वाचवत नाही, म्हणाली. शिकल्यासवरल्या माणसाने असं करावं याची लाज वाटते, असंही म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि उरलेले तीन शर्ट तसेच चुरगळलेले कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते बसने तिच्या ऑफिसात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात एक लिहिलेला कागद. तिला न विचारता, तिच्या टेबलावरून पुढे जाऊन ते थेट उपसंचालकांच्या दारात उभे राहिले. मागच्या पाच वर्षांत बाराव्या वॉर्डाच्या सातव्या रकान्यात मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, त्यात माझ्या मुलीचा काही संबंध नाही, होईल ती शिक्षा मान्य आहे, असं त्या कागदावर होतं. खाली सही आणि तारीख. अर्ज लिहायची सवय असलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी अर्ज लिहिला होता.

उपसंचालकांनी तिला आत बोलावलं. कागद दोनदा वाचला आणि खणात टाकून खणाला कुलूप लावलं. म्हातारपणी चौकशीबिकशी कशाला, म्हणाले, माणुसकी म्हणून काही आहे की नाही. मास्तरांना त्यांनी चहा पाजला. तिला वाटलं, माणूस आपण समजत होतो तितका वाईट नाही. मग त्यांनी पुढचं सांगितलं. वडलांनी लिहिलेला तो रकाना आता सगळाच बाद. एकशे एकतीस एक बाद तसे एकोणीस चारही बाद. राहिली तिने जुळवलेली यादी. तर मोजणीच्या वेळी लोक दारात काहीही सांगतात, तेवढ्या सुतावरून स्वर्ग गाठता येत नाही. हवं असेल तर मेलेल्याच्या घरच्याने लिहून द्यावं की आमचा माणूस गट चारचा होता. जितके लिहून देतील तितके धरू. मुदत दोन आठवडे. पाचाच्या खाली भरले तर मात्र नेहमीचा नियम.

नेहमीचा नियम म्हणजे, एखाद्या वॉर्डात एखाद्या गटाचे मृत्यू पाचापेक्षा कमी असले तर आकडा छापायचा नाही, रेघ मारायची. इतक्या थोड्यांत कोण कुणाचं ते ओळखू येतं, आणि घरच्यांना त्याचा त्रास होऊ नये. हा नियम तीन वर्षांपूर्वी तिनेच लिहून पुस्तिकेत घातला होता. तेव्हा तो तिला फार माणुसकीचा वाटला होता.

ती आणि बाबा दोन शनिवार आणि दोन रविवार बाराव्या वॉर्डात फिरले. एकोणीस जणांच्या मागे लिहून द्यायला कोणी नव्हतंच, राहिली एकशे एकतीस घरं. दार उघडलं की मास्तर, मास्तर व्हायचं, खुर्ची पुसून पुढे यायची, पाणी यायचं. मग मास्तर पिशवीतून छापील कागद काढायचे आणि कुणीतरी उठून दार लोटून घ्यायचं. एका शिंप्याच्या मुलीचं लग्न एक नंबरच्या घरात ठरलं होतं, आणि आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचा एक त्यांनी आधीच दाखवून ठेवला होता. एका विधवेला नव्या इमारतीत नवऱ्याच्या तसल्याच दाखल्यावर खोली मिळाली होती. त्या इमारतीत चार नंबरवाल्यांना खोली देत नाहीत असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण एकालाही दिलेली नव्हती. वायरिंगची कामं करणारा एक जण तर दारातच हात जोडून उभा राहिला. तेव्हा मीच तुमचे पाय धरले होते मास्तर, म्हणाला, आता कुठल्या तोंडाने उलटं लिहून देऊ. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच राहू दे. कोणी भांडलं नाही, कोणी अपमान केला नाही. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पहिल्या रविवारपर्यंत एक कागद झाला, एका सुताराचा, भावासाठी. तो शहर सोडून मुलाकडे चालला होता आणि त्याला आता कुणाचं काही लागत नव्हतं. दुसऱ्या शनिवारी एका म्हातारीने अंगठा दिला. आईचा कागद बाबांनी स्वतः भरला आणि सही करताना बराच वेळ लावला.

शेवटच्या रविवारी ते आत्याकडे गेले. आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा छातीच्या दुखण्याने गेला होता. तिची स्वतःची छातीही धड नव्हती, आठवड्यातून तीनदा त्याच दवाखान्यात जाऊन ती श्वासाचं औषध घ्यायची. मुलगा औषधांच्या दुकानात कामाला होता, नव्या इमारतीत वडलांच्या दाखल्यावर त्याला खोली मिळायची होती, किल्ली पुढच्या महिन्यात. कागद बघताच आत्याने तो घडी घालून भावाच्या खिशात परत ठेवला. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं, म्हणाली.

"आत्या, दवाखाना गेला तर तू कुठे जाशील?"

"जाईन कुठेतरी." आत्याला दोन शब्दांत एकदा श्वास घ्यावा लागत होता. "दवाखाना गेला तर माझा एकटीचा जाईल. सही केली तर पोराचं घर जाईल. तू सांग, मी काय करू?"

 एवढी वर्षं ती माणसांचे आकडे करत होती, आणि आत्याने विचारलं ते कुठल्याच आकड्यात बसत नव्हतं.

परत येताना कालव्याच्या कठड्यावर ते दोघं बसले. बाबांनी पिशवी उघडून तीन भरलेले कागद वर काढले, खाली कोरा गठ्ठा होता. ऊन उतरतीला लागलं होतं, पलीकडे दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसत होती. दोनच कागद हवे होते. दोन झाले असते तर पाच भरले असते, आकडा लहान का होईना छापला गेला असता, आणि तो दीडशेतल्या फक्त पाचांचा आहे म्हणून तिला बैठकीत भांडता आलं असतं.

"दोन मी करतो," बाबा म्हणाले. "वॉर्डातल्या सगळ्यांच्या सह्या येतात मला."

त्यांनी पेन काढून हातात धरलंही होतं. तीसेक वर्षं ज्या हाताने खोटं लिहिलं तो आता एकदा खरं लिहायला तयार होता, फक्त सही दुसऱ्याची होती. तिने नको म्हटलं. आपण हे सचोटीने म्हणालो की भीतीने, ते तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. बाबांनी पेनला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

अहवाल ठरल्या दिवशी छापून आला. तक्त्यात बाराव्या वॉर्डासमोर, गट चारच्या खाली, एक आडवी रेघ होती. तळटीप होती की मृत्यूंची संख्या अत्यल्प असल्याने दर दिलेला नाही. वाचणाऱ्याने त्याचा जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. सुंठीवाचून खोकला गेला, उपसंचालक म्हणाले, कुणाला दुखावलं नाही आणि नियमही पाळला. तिने पहिली सही केली. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. बैठकीत दवाखान्याचा विषय तीन मिनिटांत संपला, कारण बोलायला कोणाकडे आकडा नव्हता. ती उभी राहिली आणि सकाळच्या रांगेबद्दल बोलली. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि रांग हा पुरावा होऊ शकत नाही असं सौम्यपणे सांगितलं. सांख्यिकीच्या अधिकाऱ्याला हे सांगावं लागतं याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

बाराव्या वॉर्डात मात्र लोक हलके झाले. वर्तमानपत्रात वॉर्डाचं नाव आलं नव्हतं. दोन आठवडे ज्यांनी मास्तरांना दारातून परत पाठवलं तेच आता रस्त्यात थांबून त्यांचा हात हातात घ्यायचे. काय ते तुम्ही निस्तरलंत मास्तर, म्हणायचे, पुन्हा एकदा वाचवलंत. मास्तर हात सोडवून पुढे निघायचे. एका गुरुवारी सकाळी दोन ट्रक आले आणि दवाखान्यातल्या खाटा, कपाटं, श्वासाची यंत्रं आणि शेवटी पाटी घेऊन गेले. बघायला गर्दी जमली होती. पाटी काढताना ती एका बाजूने लोंबकळली तेव्हा पोरं हसली, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तिने रजा टाकली आणि बाबांबरोबर आत्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. दोन बस बदलाव्या लागल्या. दुसऱ्या बसमध्ये बसायला जागा नव्हती. उतरल्यावर आत्या थांब्याच्या खांबाला धरून उभी राहिली, मग इस्पितळाच्या फाटकाशी एकदा, मग जिन्याशी एकदा. तिच्या ओठांचा रंग बदलला होता. नवीन रुग्णांच्या खिडकीपुढे वीसेक माणसं होती. बाबांनी पुढे जाऊन कुणाकुणाला विनवलं आणि त्यांनी आत्याला पुढे घेतलं.

खिडकीत एक मध्यमवयीन बाई बसली होती. तिने नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. बाराव्या वॉर्डाचा पत्ता ऐकून ती किंचित थांबली.

"गट?"

आत्या श्वास घेत होती, तिला लगेच बोलता येईना. बाबा खिडकीकडे वाकले.

"चार," ते म्हणाले. मागच्या रांगेलाही ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाले. घराबाहेर त्यांच्या तोंडून हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. रांगेत मागे उभी असलेली एक बाई आपल्या मुलाला घेऊन पाऊलभर सरकली.

आत्याने त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाजूला केलं.

"एक लिहा बाई," ती म्हणाली. थांबून श्वास घेतला. "भाऊ म्हातारा झालाय माझा. त्याला काही आठवत नाही."

 खिडकीतल्या बाईने पेन कागदावर तसंच धरून एकदा बहिणीकडे आणि एकदा भावाकडे बघितलं. रोज असले घोळ निस्तरून तिचा जीव दमला असणार. मग तिची नजर तिघांतल्या धड दिसणाऱ्या माणसावर आली.

"तुम्ही सांगा. शिकलेल्या दिसता. नक्की काय लिहू?"

आत्या भाचीकडे बघत नव्हती. तिने दोन्ही हातांनी खिडकीचा कट्टा धरला होता आणि ती फक्त पुढच्या श्वासाची वाट बघत होती.

"एक," भाची म्हणाली.

बाईने लिहिलं, कागद फाडून खिडकीतून बाहेर सरकवला आणि डावीकडचा दरवाजा दाखवला.